‘असू दे हो’चे सोळा महिने

पत्र लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत. राहतात नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत, क्वालिटी विभागात. सोळा महिन्यांपूर्वी कंपनीने त्यांच्या रूटची बस बंद केली, तेव्हा कर्ज काढून त्यांनी छोटी गाडी घेतली. पहिल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने विचारलं, ‘तुमच्याबरोबर येऊ का?’ आज गाडीत तिघं असतात. काठे गल्लीतले एक ज्येष्ठ सहकारी, उपनगरचे एक बरोबरीचे आणि बिटको चौकातून चढणारी नव्याने लागलेली एक मुलगी. किती द्यायचे, असं पहिल्या महिन्यात तिघांनीही विचारलं होतं. ताई म्हणाल्या, ‘असू दे हो, मी जातेच आहे.’ मुलगी तरीही दर महिन्याला १,५०० रुपये देते. उपनगरचे आठवलं तर हजार देतात. काठे गल्लीचे काही देत नाहीत, दिवाळीला काजूकतलीचा डबा आणतात आणि रोज सात-आठ मिनिटं थांबायला लावतात. त्यापायी गेल्या महिन्यात ताईंना तीन लेटमार्क लागले, अर्धा दिवस कापला गेला. संध्याकाळी तिघं गाडीपाशी उभे असतात, म्हणून स्वतःच्या मुलीच्या कथकच्या क्लासला वेळेवर पोचता येत नाही. ‘गाडी आता मिस्टर वापरणार आहेत,’ असं खोटं सांगून हे सगळं बंद करावं, असं त्यांच्या मनात आहे. त्या विचारतात, ‘कुणाला न दुखावता यातून कशी सुटू? त्यांना कळायला नको का? की मीच स्वार्थी आहे?’

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही स्वार्थी नाही. सोळा महिने रोज साठ किलोमीटर गाडी चालवून तिघांना कामावर नेणारी आणि सुखरूप घरी आणणारी बाई स्वार्थी कशी असेल? तुमचा राग खरा आहे. तो मनात ठेवून मोहदरी घाटात ट्रकच्या मागे गाडी चालवणं मात्र बरं नाही, म्हणून तो लवकर मोकळा व्हायला हवा.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘त्यांना कळायला नको का?’ हे वाक्य मी माझ्या आयुष्यात फार वेळा ऐकलंय, फार वेळा म्हटलंय आणि एकदा त्याची किंमतही मोजली आहे. ती गोष्ट आधी सांगते, कारण ती तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवरून दिसणारी गोष्ट आहे.

नव्वदच्या दशकात मी जेलरोडला राहायचे आणि नोकरीला सातपूरला जायचे. माझ्याच ऑफिसातली एक मैत्रीण उपनगरला राहायची, तिच्याकडे स्कूटर होती. मी रिक्षाने उपनगर नाक्यापर्यंत यायचे आणि तिच्या मागे बसून पुढे जायचे. द्वारका, सीबीएस, त्र्यंबक नाका, सातपूर. दोन वर्षं आम्ही अशा गेलो. आठवड्यातून एकदा पंपावर थांबायचो. ती स्कूटर स्टँडला लावून सीट उचलायची आणि मी बाजूला उभी राहून पाटीवरचे पेट्रोलचे भाव वाचत राहायचे. पर्समध्ये हात घातला की ती म्हणायची, ‘असू दे गं, मी जातेच आहे.’ पहिल्यांदा मी आग्रह केला, दुसऱ्यांदाही केला. तिसऱ्यांदा हात पर्सपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. पुढे तो तिथवरही जाईना.

दोन वर्षांनी एक दिवस ऑफिस सुटताना गेटवर ती म्हणाली, ‘उद्यापासून मला लवकर निघावं लागणार आहे, आपलं काही जमणार नाही.’ मी बरं म्हटलं. आठवडाभराने मी बसमधून जात असताना त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला ती खिडकीखालीच उभी होती. वेळ तीच, रस्ता तोच, फक्त मागची सीट रिकामी. ऑफिसात एकाच टेबलावर डबा खाणाऱ्या आम्ही दोघी त्यानंतर एकमेकींशी कामापुरत्याच बोलू लागलो. कितीतरी वर्षांनी एका लग्नात भेट झाली तेव्हा ती म्हणाली, ‘मला वाटायचं, एकदा तरी तू टाकी भरशील.’ मी म्हटलं, ‘अगं, तूच नको म्हणायचीस.’ आम्ही दोघी हसलो, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

तेव्हा ताई, मागे बसणाऱ्याला कळत नसतं असं नाही. अगदी सुरुवातीला कळतं. तो विचारतो, समोरून ‘असू दे’ येतं, आणि तेच त्याला उत्तर वाटतं. तुमच्या तिघांनीही पहिल्या महिन्यात विचारलं होतं, हे तुम्हीच लिहिलं आहे. तुम्ही भिडेपोटी नको म्हणालात आणि त्यांनी ते खरं मानलं. मग तुम्ही मनातल्या मनात वही उघडलीत. सोळा महिने त्या वहीत नोंदी होत राहिल्या आणि ती वही बाकी कुणाला दिसलीच नाही. काजूकतलीचा डबा देताना काठे गल्लीच्या काकांना बहुधा मनापासून वाटत असेल, की आपण मान राखला. तुम्ही मात्र त्या डब्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजत होता.

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात. भीड आपल्याला मनातून दरिद्री करते हे खरंच, पण ती समोरच्यालाही नकळत अपराधी करून ठेवते. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की हा उपकार आहे की व्यवहार, हे आधी तुम्ही स्वतः ठरवा. उपकार असेल तर मनातली वही बंद करावी लागेल. व्यवहार असेल तर ती चौघांसमोर उघडावी लागेल. दोन्ही चांगलंच आहे. तुम्ही आज ज्या अधल्यामधल्या जागी उभ्या आहात, ती जागा तेवढी सोडा.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं, हा व्यवहारच असायला हवा. गाडीचा हप्ता तुमच्या पगारातून जातो, घरी शाळेत जाणारी मुलगी आहे, दर महिन्याला दुसऱ्यांच्या वाट्याचं पेट्रोल जाळण्याची तुमची ऐपतही नाही आणि तशी गरजही नाही.

आता ती वही कागदावर आणू. तुमची गाडी गर्दीत एसी लावून लिटरला १५ किलोमीटर देते, असं तुम्ही लिहिलंय. रोजचे साठ किलोमीटर म्हणजे चार लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर दिवसाला ४२०. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर १०,०८० रुपये. त्यात शिंदे टोलनाका आहे. तुम्ही रोज दोन्ही वेळा फास्टॅगमधून पूर्ण टोल भरता असं दिसतं, तो आधी थांबवा. टोलनाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला काही शे रुपयांत महिन्याचा पास मिळतो. तुमचा पत्ता त्या टप्प्यात बसतो का, ते नाक्यावर आधार कार्ड आणि आरसी दाखवून विचारा. बसत नसेल तर १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक पास आला आहे. तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या अशी त्याची रचना होती. नाव वार्षिक असलं तरी जाताना एक आणि येताना एक अशी फेरी मोजली जाते, त्यामुळे रोज जाणाऱ्याचा हा पास शंभर दिवसांत, म्हणजे चारेक महिन्यांतच संपतो. तरीही एका वेळचे पंधरा रुपयांच्या आसपासच पडतात. म्हणून आधी मासिक पासची चौकशी करा, तो जमला नाही तर वार्षिक.

पेट्रोल आणि टोल मिळून महिन्याला साडेदहा हजार धरू. हप्ता, सर्व्हिसिंग, टायर हे यात घालू नका. गाडी तुमची आहे, सुट्टीच्या दिवशी त्र्यंबकला तुम्हीच घेऊन जाता. साडेदहा हजारांचे चार भाग केले तर माणशी २,६०० च्या आसपास येतात. बिटकोची मुलगी एक तृतीयांश रस्ता संपल्यावर चढते, तिचा भाग कमी हवा. काठे गल्ली आणि उपनगर २,५००, बिटको १,८००, हे मला रास्त वाटतं. एकूण ६,८०० जमतात आणि ३,७०० तुमचे उरतात. तुम्ही सगळ्यात लांबून येता, तेव्हा तेही योग्यच. याहून बारीक हिशेब करू नका. काठे गल्ली ते उपनगर किती किलोमीटर, यावर चौघांनी वाद घालायचा म्हटलं तर एकत्र जाण्यातली मजाच गेली.

हा आकडा खर्चाच्या वर एक रुपयाही जाता कामा नये, हे मी मुद्दाम सांगते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायला परवाना लागतो आणि खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत ‘भाड्याने वापर’ चालत नाही, असं कलम असतं. सहकाऱ्यांनी मिळून पेट्रोल भरणं वेगळं आणि माणशी पैसे घेऊन कमाई करणं वेगळं. या दोन्हींतली रेघ तुमच्या हिशेबात स्वच्छ दिसायला हवी. चौघांचा ग्रुप असेलच. दर महिन्याला पेट्रोलची बिलं त्यात टाका.

पॉलिसीचा विषय निघालाच आहे तर ती आज संध्याकाळी कपाटातून काढा. गाडीत माणसं बसवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर तुमच्या चुकीने अपघात झाल्यास तुमच्याच गाडीत बसलेल्यांना भरपाई मिळताना अडचण येते. कॉम्प्रिहेन्सिव्ह, ज्याला पॅकेज पॉलिसी म्हणतात, ती असेल तर खासगी गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी तीत येते. विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना हे स्पष्टही केलं आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, तो सहसा पॉलिसीबरोबरच येतो. पण प्रवाशांचा वेगळा अपघात विमा थोडक्या पैशांत जोडता येतो, माणशी दोन लाखांपर्यंत, आणि तो बहुतेकांनी घेतलेला नसतो, कारण एजंट सांगत नाही आणि आपण विचारत नाही. पुढच्या नूतनीकरणाला तो घ्या, त्याचे पैसे चौघांत वाटा. मागच्या सीटवरच्यांनीही बेल्ट लावायचा. कायद्यात ते आधीपासूनच आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे, आणि घाटात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यापैकी कुणी ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर त्यालाही एक गोष्ट ठाऊक असू द्या. २०१० च्या दुरुस्तीनंतर घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला, तर कामावरचाच मानला जातो.

पैशांचं झालं. माझ्या मते तुमचं खरं दुखणं पैसा नाहीच, वेळ आहे. पत्रात पैशांबद्दल चार ओळी आहेत आणि काठे गल्लीत थांबण्याबद्दल दीड पान. सात पंचवीसला तुम्ही पोचता, काका सात तेहतीसला जिन्यावरून उतरतात, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं लावत. तोवर मागून घंटागाडी येते, तिला जागा द्यायला तुम्हाला गाडी मागे घ्यावी लागते. हे तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंय, की ती सात-आठ मिनिटं मीच तुमच्या शेजारी बसल्यासारखी मोजली.

इथे एक साधा प्रश्न. तुम्ही गल्लीत शिरताच का? इंदिरानगरहून निघणाऱ्याला द्वारकेच्या कोंडीत जायचं खरंतर कारणच नाही. वडाळा गाव, डीजीपीनगर करत फेम सिग्नलला पुणे रोड गाठता येतो, आणि एकट्या असता तर तुम्ही तसंच गेला असता, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे रोज मुंबई नाका आणि द्वारका हे दोन्ही एका माणसासाठी होतात. काकांना सांगा, ‘उद्यापासून मी डीजीपीनगरवरून येणार. सात तीसला फेम सिग्नलच्या पुढे थांबा, मी तीन मिनिटं थांबेन, मग निघेन.’ काठे गल्लीहून तिथे यायला त्यांना रिक्षा आहे, सिटीलिंकची बस आहे. पुणे रोडवर गाडी उभी करून आठ मिनिटं थांबताच येत नाही, मागचे हॉर्न वाजवतात. तुम्हाला जे सांगायला जड जातं ते रस्ताच सांगेल.

आणि एक दिवस ते सात तेहतीसला नसतील. त्या दिवशी निघा. माझं ऐका, निघाच. फोन करून ‘मी निघतेय हं’ एवढं सांगा, आवाज चढवू नका आणि दुसऱ्या दिवशी त्याचा विषयही काढू नका. एवढं एकदा झालं की वेळ बसते. मात्र त्याआधी एकदा त्यांना विचारून बघा, की सकाळी उशीर कशाने होतो. घरात आजारी माणूस असेल, पाणी उशिरा येत असेल, बायको आधी बाहेर पडत असेल. सोळा महिने एका गाडीत बसून हे तुम्हाला माहीत नाही, हे मला थोडं खटकलं. कारण कळलं तर वेळ दहा मिनिटं मागेपुढे करून प्रश्न सुटेलही. बाकी तेच काका पुढच्या सीटवर बसून मोठ्या आवाजात व्हिडिओ लावतात, त्याला एक वाक्य पुरे: ‘काका, घाट लागला की मला गाडीत शांतता लागते.’ गाडी चालवणाराचा शब्द शेवटचा, हे वयाने मोठ्या माणसालाही मान्य असतं, फक्त कुणी म्हणायला हवं.

आता संध्याकाळ. मला वाटतं, इथे तुमची सुटका सगळ्यात सोपी आहे आणि तिच्याकडेच तुमचं लक्ष गेलेलं नाही. सकाळी एकत्र गेलो म्हणजे संध्याकाळी एकत्रच यायला हवं, हे कुणी ठरवलं? बस असताना दोन्ही वेळा तीच बस होती, म्हणून आपल्याला ते नैसर्गिक वाटतं. गाडीला ते बंधन नाही. मुलीचा क्लास मंगळवार आणि शुक्रवार. ते दोन दिवस तुम्ही सुटल्यावर थेट निघा, एकट्या. बाकीचे तीन दिवस चौघं. शनिवारी तुमची सुट्टी, रविवारच्या ड्युटीला तसेही दोघंच असतात. नाशिक-पुणे रस्त्यावर एसटीची वर्दळ दिवसभर असते. बसायला जागा मिळेलच असं नाही, पण उभं राहून बिटकोपर्यंत येता येतं. तिघांच्या पैशातून त्या दोन दिवसांचे काही कमी करा, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

बिटकोच्या मुलीची मात्र मला काळजी वाटते. तीच एकटी नियमित पैसे देते आणि तुम्ही खोटं कारण सांगून गाडी बंद केलीत तर सगळ्यात जास्त तीच अडकेल. हिवाळ्यात सव्वासहालाच अंधार होतो. मंगळवार-शुक्रवारी तिला उपनगरच्या सहकाऱ्यांबरोबर एसटीला जाऊ द्या, किंवा त्या दोन दिवशी तिला सोबत घ्या. पण घेतलंत तर बाकीच्या दोघांना आधी सांगून घ्या. लपवून केलेली मेहेरबानी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कळते.

यावरून तुमच्या खोट्या कारणाकडे येते. ‘मिस्टर गाडी वापरणार’ हे किती दिवस टिकेल? कंपनीच्या पार्किंगला तुमचा स्टिकर आहे, गेटवर गाडीचा नंबर लिहिला जातो, पाऊस लागला की तुम्ही गाडी काढणारच. आणि मग त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला जे माझ्या मैत्रिणीचं झालं तेच बिटकोच्या सिग्नलला तुमचं होईल. कुणीतरी बसच्या खिडकीतून बघेल. पैसे मागितल्याने माणसं जेवढी दुखावतात, त्याच्या कितीतरी पट अशा रिकाम्या सीटने दुखावतात. हे मी त्या खिडकीत बसून अनुभवलंय.

उपनगरच्या सहकाऱ्यांकडे स्वतःची गाडी आहे, ती रविवारशिवाय निघत नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुम्ही पुढे लिहिलेलं सगळं या एका वाक्यामुळे बदलू शकतं. एक आठवडा तुमची गाडी, एक आठवडा त्यांची. दोन गाड्या आळीपाळीने निघाल्या तर तुम्हा दोघांत पैशांचा प्रश्नच राहत नाही, काका आणि ती मुलगी त्या त्या आठवड्यात ज्याची गाडी त्याला देतील. तुम्हाला महिन्यातून दोन आठवडे मागे बसून डोळे मिटता येतील. सोळा महिन्यांत दारणेचा पूल आला आणि गेला, पळशाला उसाचे ट्रॅक्टर लागले आणि संपले, यातलं तुम्ही एकदा तरी मान वळवून पाहिलंय का? ते ‘नाही’ म्हणतील असं तुम्ही गृहीत धरलं आहे. कदाचित ‘ताईंना आपली गाडी आवडते’ असं त्यांनीही गृहीत धरलं असेल. विचारा तर खरं.

हे सगळं बोलायचं कुठे? गाडीत नको. तुमचे डोळे रस्त्यावर असणार, समोरच्याचा चेहरा दिसणार नाही आणि एखादं वाक्य लागलं तर पुढचे वीस किलोमीटर ते गाडीतच कोंडून राहील. ग्रुपवर लिहून सुरुवात करणंही नको, लिहिलेलं नेहमी कोरडं वाटतं. एकेकाला गाठून तर मुळीच नको, तिघांना तीन गोष्टी सांगितल्यात असं होतं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनला किंवा सिन्नर फाट्याला चहाला थांबून चौघं असताना बोला. वाक्यं साधीच ठेवा, मी माझ्या परीने लिहून देते:

‘मला एक बोलायचंय. पहिल्या महिन्यात तुम्ही पैशांचं विचारलं तेव्हा मी नको म्हटलं, ती माझी चूक झाली. मला तेव्हा संकोच वाटला. आता मला ते परवडत नाही. मी हिशेब मांडलाय, हा बघा. पुढच्या एक तारखेपासून असं करूया. मागचं काही नको.’

‘मागचं काही नको’ हे शब्द नक्की म्हणा आणि मनापासून म्हणा. सोळा महिन्यांचं वसूल करायला गेलात तर बोलणं तिथेच बिनसेल. सोळा महिने गेले ते तुमच्या ‘असू दे’चे गेले. बोलणं झालं की त्याच रात्री ठरलेलं ग्रुपवर लिहून टाका: पैसे एक ते पाच तारखेत, रजा असली तरी महिन्याचे पूर्ण, सलग आठवडा रजा असेल तर कमी; मी रजेवर असेन तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवीन; तीन मिनिटं थांबेन; मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी गाडी नाही.

यानंतर काका नको म्हणाले तर? म्हणू देत. अडीच हजार जास्त वाटले तर ते बसने जातील, तो त्यांचा निर्णय असेल. त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका, त्यांच्यावर नाराजही होऊ नका. आणि हे सगळं वाचूनही तुम्हाला वाटलं, की नको, मला सकाळी गाडीत एकटीनेच जायचंय, तर तेही अगदी रास्त आहे. त्याला कारण द्यायची गरज नाही. ‘पुढच्या महिन्यापासून मला जमणार नाही, तोवर तुमची सोय बघा’ एवढं म्हणा आणि तो एक महिना प्रामाणिकपणे न्या. एक मात्र करा. अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर, कुठलीही एमआयडीसी घ्या, एका कंपनीच्या पार्किंगमध्ये एकाच दिशेने आलेल्या दहा-बारा गाड्या रोज उभ्या असतात. त्या सगळ्यांनी मिळून एचआरला अर्ज द्यावा, बस किंवा निदान ट्रॅव्हलर सुरू करा म्हणून. सही करणारे तुमच्या गाडीतलेच तिघं आधी मिळतील.

दुसऱ्याच्या गाडीतून जाणाऱ्यांनाही, म्हणजे जी मी होते त्यांना, दोन शब्द. समोरचा ‘असू दे’ म्हणाला तर ते पहिल्यांदा ऐका, दुसऱ्यांदा ऐकू नका. आकडा विचारायला संकोच वाटत असेल तर पंपावर गाडी थांबली की उतरा आणि भरणाऱ्या पोराच्या हातात आपणच पैसे द्या, पाटीवरचे भाव वाचत उभे राहू नका. ठरलेल्या जागी दोन मिनिटं आधी पोचा. यायचं नसेल तर रात्रीच कळवा, सकाळी सात वीसला नको. आणि गाडीवाल्याला संध्याकाळी कुठे वळायचं असेल तर ‘आम्ही जाऊ, तुम्ही निघा’ हे त्याने म्हणायच्या आधी आपण म्हणावं.

ताई, हे सगळं एकदम करायला तुम्हाला अवघड वाटेल, मला कल्पना आहे. चहाचं बोलणं पुढच्या आठवड्यावर गेलं तरी चालेल. पण मंगळवार लांबवू नका. सोमवारी रात्री नऊ वाजता ग्रुपवर लिहा: ‘उद्या संध्याकाळी मुलीचा क्लास आहे, मी सुटल्यावर थेट निघेन, येताना आपापली सोय बघा.’ खाली ‘सॉरी’ लिहू नका, हात जोडलेलं चित्र टाकू नका. फोन चार्जिंगला लावा आणि झोपा. मंगळवारी शिंदे नाका ओलांडला की मुलीला कळवा, की आज घुंगरू बांधायला आई येतेय.